कुदळीची सुट्टी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा प्रत्येक घराला पुढे अंगण असे आणि मागे परस. अंगण पाहुण्यांचं, परस घरच्यांचं. अंगणात रांगोळी, परसात राख. पण खरं सांगायचं तर घराचा जीव असे तो परसातच.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात असंच एक घर होतं. घरात कर्ता मुलगा, त्याची बायको, त्यांची तीन मुलं आणि म्हातारी काकू. या कर्त्याला एक धाकटी बहीण होती, तिचं नाव शेवंता. आईवडील लवकर गेले, तेव्हा दोघा भावंडांना काकूनंच वाढवलं. शेवंताला लहानपणापासून झाडापानांचं वेड. ती बारा वर्षांची झाली तेव्हा काकूनं मन घट्ट केलं आणि तिला दूर राजधानीत, राजबागेच्या थोरल्या माळ्याकडे शिकायला पाठवलं.

शेवंता तिथे सात वर्षं शिकली. दोरी आणि खुंट्या घेऊन जमीन कशी आखायची, पाण्याला उतार कसा द्यायचा, हिरवळ कशी राखायची, हे सगळं तिनं मन लावून आत्मसात केलं. राजाची मुलं त्या बागेत खेळत. त्यांना पाहिलं की तिला आपल्या भाचरांची आठवण येई. ‘राजाच्या पोरांना बाग, मग आमच्या पोरांना का नाही?’ हा प्रश्न तिच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. शिक्षण संपल्यावर थोरला माळी म्हणाला, “इथंच राहा, तुझा हात चांगला आहे.” ती राहिली नाही. बोचकं पाठीला बांधलं आणि तडक घरी आली.

परस जसं सोडून गेली होती तसंच होतं. न्हाणीचं पाणी उघड्यावरून वळणं घेत अळवाच्या वाफ्यात आणि तिथून केळींच्या बुंध्याशी जात होतं. मधोमध निंबाचं झाड होतं. ते इतकं वाकडं, की कुणाचं तरी गुपित ऐकायला कललंय असं वाटे. त्याच्याखाली धुण्याचा दगड. एका बाजूला लाकडांचा ढीग, भिंतीवर गोवऱ्या, दोरीवर धुणं. मुलं मात्र कुठेच दिसेनात.

“पोरं कुठं आहेत?” शेवंतानं विचारलं.

“ओढ्यावर. डोहाशी,” वहिनी म्हणाली. “परसात खेळायला लागली की मीच ओरडते. लाकडं अंगावर येतील, धुण्यावर चिखल उडेल. मग जातात डोहाकडे, आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला.”

“मी उपाय काढलाय त्यावर,” दादा म्हणाला. “पोरं परसात खेळत नाहीत ना? मग मी तिथं गोठा बांधतो. पोळ्याला नव्या गोठ्यात नेईन, असा बैलांना शब्द दिलाय मी.”

“बैलांना शब्द दिलायस?”

“हो. माणसाला दिलेला शब्द मोडला तर माणूस भांडून मोकळा होतो. बैल नुसते बघत राहतात. ते सोसत नाही मला.”

“आणि पोरांचं काय?”

“शेण भरायला लावतो. डोहाचं नाव काढायची नाहीत.”

शेवंताचा चेहरा लाल झाला. “दादा, पोळ्यापर्यंत परस माझ्या हवाली कर. मी तिथं असं काही उभं करते, की पोरं डोह विसरतील आणि काकूला घटकाभर निवांत बसायला जागा होईल. तसं झालं नाही, तर खुशाल गोठा बांध. पाया मी स्वतः खणून देईन.”

दादानं काकूकडे पाहिलं. काकू वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “सात वर्षं शिकून आलीये. पोळ्यापर्यंतची मुदत म्हणजे काही फार नाही.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून शेवंता कामाला लागली.

सूर्य उगवायच्या आत तिची दोरी ताणली जाई आणि मावळला तरी कुदळ थांबत नसे. तिनं परसाचे चार सारखे चौकोन पाडले. मधून सरळ वाट काढली आणि तिला दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. एका चौकोनात हिरवळ, एकात फुलझाडं, एकात नदीची पांढरी वाळू, चौथ्यात दगडी बाक. न्हाणीचं उघडं पाणी तिला बघवेना. तिनं जमिनीखालून मोरी काढली, वर फरश्या बसवल्या, त्यांवर माती लोटली आणि ते पाणी थेट भिंतीपलीकडे सोडून दिलं. धुण्याचा दगड घराच्या मागच्या कोपऱ्यात हलवला. लाकडं नजरेआड रचली. सगळं झालं, फक्त तो वाकडा निंब तेवढा बरोबर सरळ वाटेच्या मध्ये येत होता. त्याच्यामुळे चार चौकोनांचा मेळ बसेना.

आषाढ संपता संपता परस खरोखर देखणं दिसू लागलं. गावातली माणसं बघायला आली. दादानं सगळीकडे फिरून पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, “बाग राजासारखी झाली. आता राजा कुठून आणायचा?”

शेवंतानं मुलांना बोलावलं. थोरली गोदी, मधला म्हादू आणि चार वर्षांची ठकी. तिघंही वाटेवर रांगेत उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. देवळात उभी राहावीत तशी.

“खेळा की,” शेवंता म्हणाली. “फक्त हिरवळीवरून पळू नका, तिनं अजून मूळ धरलेलं नाही. आणि वाळू वाटेवर सांडू नका.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“आत्या, इथं पडलं तर चालतं का?” म्हादूनं विचारलं.

“पडायचं कशाला?”

ठकी खाली वाकून गवताकडे बघत होती. “आत्या, ह्या गवताला दुखतं का गं?”

घटकाभर मुलं वाटेवरून गेली आणि आली. मग गोदी म्हणाली, “आत्या, तुझी बाग छान आहे. आता आम्ही खेळायला जाऊ?” आणि तिघंही धूम पळाली, डोहाकडे.

काकूनं मात्र शेवंताचा शब्द राखायचा खूप प्रयत्न केला. रोज दुपारी ती सुपात वाल घेऊन दगडी बाकावर जाऊन बसे. बाक उन्हाच्या तोंडावर होता. काकू पदर डोक्यावरून पुढे ओढून घेई, बाक पोळला की एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर रेले. शेवंतानं विचारलं, की “छान आहे गं,” म्हणे. आणि शेवंताची पाठ वळली, की सूप उचलून गुपचूप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसे.

शेवंताला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिला वाटे, बाग अजून पुरी झालेली नाही, म्हणून असं होतंय. तो निंब एकदा निघाला की सगळं जागच्या जागी येईल. तिनं निंबाच्या बुंध्याभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढली आणि लाकूडतोड्याला निरोप पाठवला: उद्या सकाळी ये.

लाकूडतोड्यानं उलट निरोप धाडला: उद्या नाही, परवा येतो. का, ते शेवंताला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे तिनं कुदळ उचलली. तोच काकूनं मागून येऊन तिचा दांडा धरला.

“ठेव ती खाली. आज पंचमी आहे. नागपंचमी.”

शेवंता थबकली. राजबागेत राजाच्या हुकमानं वर्षाचे सगळे दिवस सारखेच. पंचमी कधी आली आणि कधी गेली, हे सात वर्षांत तिला कळलंही नव्हतं.

“आज जमीन खणायची नाही,” काकू म्हणाली. “चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. कुदळ, कुऱ्हाड, विळी, सगळ्यांना आज सुट्टी.”

“पण काकू, पोळ्याला पंचवीसच दिवस राहिले.”

“राहू देत.”

“खणलं तर काय होईल?”

“जमिनीखाली कुणाचं ना कुणाचं घर असतं बाई. वर्षातून एक दिवस तरी आपण त्याच्या छपरावर घाव घालू नये. मलाही माझ्या आजीनं एवढंच सांगितलं होतं.”

“मग मी दिवसभर करू काय?”

“बस.”

“नुसती?”

“नुसतं बसणं जमलं तर बघ. कुदळ चालवण्याहून अवघड आहे ते.”

तेव्हा शेवंता मागच्या दाराच्या पायरीवर बसली. सुरुवातीला तिचे हात शिवशिवत होते. मनातल्या मनात ती वाटेच्या विटा मोजत होती. इतक्यात न्हाणीघरात सणाची आंघोळ सुरू झाली. घरातल्या सगळ्यांनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं, घंगाळांमागून घंगाळं रिकामी झाली, आणि न्हाण्याच्या पाण्यात घातलेल्या निंबाच्या पाल्यानं जमिनीखालची मोरी गच्च तुंबली.

पाणी उफाळून वर आलं. शेवंता धावली. फरश्या मातीखाली होत्या. उकरल्याशिवाय मोरी मोकळी होणार नव्हती. तिचा हात कुदळीकडे गेला आणि काकूची नजर तिच्या हाताकडे. शेवंतानं निमूट हात मागे घेतला आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली.

पाण्यानं जरा इकडेतिकडे पाहिलं, विटांना वळसा घातला, आणि आपली जुनी वाट शोधून काढली. हळूहळू ते मरगळलेल्या अळवापर्यंत पोहोचलं, तिथून पिवळ्या पडलेल्या केळींच्या मुळाशी गेलं.

डोहाकडे निघालेली मुलं दारातच थांबली.

“अरे, ओढा आपल्याच घरी आला,” म्हादू म्हणाला.

ठकी सरळ पाण्यात बसली. गोदीनं अळवाचं गळून पडलेलं पान उचलून पाण्यावर सोडलं, त्यावर म्हादूनं एक मुंगळा बसवला, आणि तिघंही त्या पानाच्या बाजूनं पळू लागली. पान अडलं की खडे काढायचे, वाहून जाऊ लागलं की खडे लावायचे. वहिनी दिंडं उकडायला लाकडं न्यायला आली, तिच्या हातातून चार ढलप्या पडल्या. त्यांचा लगेच पूल झाला. हिरवळीवरून मुलं कितीदा पळाली, शेवंता मोजायचं विसरली.

काकू वाल घेऊन बाहेर आली. पाय सवयीनं निंबाखाली गेले. तिथे धुण्याचा दगड नव्हता, म्हणून तिनं जमिनीवरच बैठक मारली आणि बुंध्याला पाठ टेकली. नेमकी त्या चुन्याच्या रेघेवर. ऊन चढलं तशी सावली सरकली, आणि सावलीबरोबर काकूही हातभर सरकली. तिला सरकावं लागतंय हे तिला माहीतही नव्हतं. थोड्या वेळानं तिचे वाल सुपात राहिले आणि ती बसल्या बसल्या घोरू लागली.

शेवंता बघतच राहिली. या घरात ती परत आल्यापासून काकूला भर दिवसा झोप लागलेली तिनं पाहिली नव्हती.

दुपार कलली आणि परसात एकच गलका झाला. गावातल्या लेकीसुना झोक्याचा दोर घेऊन आल्या. दरवर्षी पंचमीचा झोका याच निंबाला बांधत. वाकडा होता म्हणूनच. त्याची एक फांदी दाराच्या आगळीसारखी आडवी गेली होती आणि दोन बायका एकदम उभ्या राहिल्या तरी कुरकुरत नसे. शेवंता लहान असताना याच फांदीवरून पडून रडली होती. सरळ रेघा शिकता शिकता ते कसं विसरलं कोण जाणे.

दोर टाकायला पुढे झालेली शेजारची रखमाई बुंध्याशी थांबली. “ही चुन्याची रेघ कशाला गं ओढली?”

सगळ्यांच्या नजरा बुंध्याकडे वळल्या. झाडावर चुन्याची रेघ कशासाठी ओढतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे. रखमाईची लेक सासरहून दोन दिवसांचा रस्ता चालून या झोक्यासाठी आली होती. तिनं आईच्या हातातला दोर घट्ट धरला. शेवंताला वाटलं, जमीन दुभंगावी.

“नजर लागू नये म्हणून ओढलीये,” काकू डोळे चोळत म्हणाली. “बाग एवढी छान झाली. झाडाला कुणाची नजर लागली म्हणजे? चला, दोर बांधा. बोलत काय बसलात?”

दोर बांधला गेला. हसणं पुन्हा सुरू झालं. आणि कुणीतरी म्हणालं, “आधी शेवंताला बसवा. सात पंचम्या चुकल्यात तिच्या.”

“सात वर्षांचे झोके एकदम देऊ,” रखमाईची लेक म्हणाली आणि पदर खोचून पुढे झाली. बायकांनी सूर धरला:

झोका चढे वर वर, दिसे बाईचं गं घर,
दारी वाकडा निंब, त्याची सावली पदर.

शेवंता उभी राहिली. पहिला झोका गुडघाभर, दुसरा कमरेएवढा. पाचव्या-सहाव्याला झोका इतका उंच गेला, की सगळं परस तिच्या पायाखाली आलं.

आणि तिला ते वरून दिसलं.

तिची सरळ वाट रिकामी होती. विटांच्या मधून तण उगवलं होतं, कारण तिच्यावरून कुणी चालतच नव्हतं. आणि तिच्या चौकोनांवरून, हिरवळीवरून, फुलांच्या कडेकडेनं दुसरीच एक वाट गेली होती. कुणी न आखलेली, पावलांनी मळलेली. स्वयंपाकघराच्या दारापासून निंबापर्यंत, निंबापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून केळींपर्यंत. जिथे माणसाला जावंसं वाटतं, तिथे तिथे ती गेली होती. त्या वाटेच्या एका टोकाला काकू बसली होती, दुसऱ्या टोकाला चिखलानं माखलेली तीन पोरं होती, आणि दारात वहिनी उभी होती. आज पहिल्यांदाच ती ओढ्याच्या दिशेला बघत नव्हती.

शेवंता खो खो हसू लागली.

“हसतेस काय गं?” खालून रखमाई ओरडली.

“माझं सात वर्षांचं शिक्षण आत्ता पुरं झालं,” शेवंता वरून म्हणाली. तिचं बोलणं कुणाला कळलं नाही. झोके देताना तशीही कुणी कुणाचं नीट ऐकत नाही.

सांजवेळी सगळ्या पांगल्यावर ती काकूजवळ येऊन बसली.

“काकू, मी चुकले. आणि तू माझ्यासाठी खोटं बोललीस.”

“खोटं कसलं? झाडाला नजर लागलीच होती की. तुझी.” काकूनं सुपातला एक वाल उचलून तिच्या हातात दिला. “सोल. चुकली नाहीस, घाई केलीस. आम्हाला सुख द्यायला निघालीस, पण आम्ही सुखात असतो ते कुठं, ते आधी पाहिलं नाहीस.”

“मग बाकावर बसून छान आहे म्हणत होतीस, ते?”

“तेही खरंच. छान होता. फक्त पोळत होता.”

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा शेवंता निंबाचा बुंधा चोळून चोळून धूत होती. “परत जा,” ती त्याला म्हणाली, “नजर उतरली.” जाताना मात्र तिनं त्याच्याकडून ओंडक्यांचे सहा गोल तुकडे मागून घेतले.

मग खरं काम सुरू झालं. शेवंतानं खुंट्या उपटल्या आणि दोरी मुलांना उड्या मारायला देऊन टाकली. विटा निघाल्या, सरळ वाट निघाली. मळलेल्या पाऊलवाटेवर तिनं चपटे दगड बसवले, आणि कुठला दगड कुठे हे ठकीच्या पावलांनी ठरवलं, कारण घरात सगळ्यांत आखूड पाऊल तिचं. न्हाणीचं पाणी पुन्हा उघड्यावर आलं. पण आता राजबागेतली विद्या कामी आली. शेवंतानं पाण्याला असा नेमका उतार दिला, की ते कुठे साचेना, कुठे डबकं होईना, वळणं घेत अळवाला आणि केळींना भेटून जाई. मध्ये एका ठिकाणी तिनं पसरट खळगा केला. ठकीच्या घोट्याएवढंच पाणी, आणि ओंडक्याच्या तुकड्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचं. धुण्याचा दगड निंबाखाली परतला. त्याच्या शेजारी दगडी बाक आला. कुठल्या बाजूला तोंड करून ठेवायचा, ते काकूला दिवसभर बसवून ठरवलं. पांढरी वाळू झोक्याखाली पसरली. पडायचं असेल त्यानं पडावं. हिरवळीवर लोळायला मोकळीक झाली, आणि गंमत अशी, की लोळल्यानं ती जास्त दाट झाली. लाकडांचा ढीग बुटका, पायऱ्यापायऱ्यांचा रचला. त्याचा किल्ला झाला. धुण्याची दोरी वर, फांद्यांमध्ये गेली, चिखलाच्या हाताबाहेर.

पोळा आला. दादानं बैल धुतले, शिंगं रंगवली, पाठीवर झुली घातल्या आणि मिरवणूक संपवून त्यांना घेऊन तो परसात आला. गोठ्याची लांबीरुंदी मोजायला त्यानं खांद्यावर काठी आणली होती.

“बाबा, बाजूला हो, राजाची होडी येतेय,” म्हादू ओरडला. दादा बाजूला झाला. होडी गेली. मग किल्ल्यावरून गोदी म्हणाली, “गड बंद आहे. बैलांना आत यायचं असेल तर परवली सांगा.”

“परवली काय आहे?”

“ते तुम्हीच ओळखायचं.”

दादा ओळखायला बाकावर टेकला. निंबाची सावली होती, पाण्याचा आवाज होता, शेजारी काकू वाल सोलत होती. तो ओळखता ओळखता तिथेच झोपी गेला. बैलांचे कासरे हातात तसेच. बैलही काही घाईत नव्हते. त्यांनी वाकून अळवाचं एक एक पान चाखून पाहिलं, ते आवडलं नाही, म्हणून फुलांचा अर्धा वाफा खाल्ला.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दादानं मुलांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं. बैल नुसते बघत राहिले.

“ह्यांना काय सांगू मी आता?” तो म्हणाला.

“घराच्या उत्तरेला रिकामी जागा आहे,” शेवंता म्हणाली. “मोरीच्या फरश्या आहेत, वाटेच्या विटा आहेत. पाया खणून देईन म्हणाले होते ना मी? देते.”

आठ दिवसांत गोठा उभा राहिला. गावात कुणाच्या बैलांना नव्हती अशी फरसबंद जमीन त्या बैलांना मिळाली. आणि अशी सरळ, की तिची एकही ओळ चुकलेली नव्हती.

पुढे गावोगावची माणसं शेवंताकडे येऊ लागली. “आमचंही परस असंच करून दे,” म्हणत. ती हो म्हणे, पण पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं जाई. दारात पायरी शोधून त्यावर बसे आणि सूर्य मावळेपर्यंत उठत नसे. घरचे कुजबुजत, “ही काम कधी सुरू करणार?” त्यांना काय ठाऊक, काम केव्हाचं सुरू झालेलं असे.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: दुसऱ्यासाठी सुखाची जागा करायची असेल, तर आधी कुदळ खाली ठेवावी आणि त्याची पावलं कुठे वळतात ते पाहावं.